पवईत अतिक्रमण कोणी केले?

पवईचा इतिहास तुम्ही कुठे वाचला? बहुतेकांनी तो फ्लॅट विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकातच वाचलेला असतो. त्यात एक तलाव असतो, तलावापलीकडे हिरवे डोंगर असतात, पाण्यात मगरी आणि काठावर पक्षी असतात, आणि या सगळ्याकडे तोंड करून उभे असलेले उंच खांबांचे टॉवर असतात. शेवटी एक वाक्य हमखास येते. इथे पूर्वी काहीच नव्हते, नुसता खडकाळ माळ होता, दगडाच्या खाणी होत्या, आम्ही शहर वसवले.

मित्रांनो, हे वाक्य आपल्याला फार ओळखीचे आहे. 'काहीच नव्हते' याचा अर्थ 'नोंद घ्यावी असे कोणी नव्हते' एवढाच असतो. खाणीत दगड फोडणारे लोक होते, पाड्यांवर राहणारे आदिवासी होते, शेते होती, गावे होती. पवई, तिरंदाज, कोपरी, पासपोली, साकी, तुंगवे ही नावे आजही महसुली कागदांवर आहेत. ज्यांना तिथली माणसे दिसली नाहीत त्यांच्या डोळ्यांत दोष होता, माळात नव्हता.

आम्ही या लेखात बिल्डरचे नाव लिहिणार नाही. ते बसच्या थांब्यावर आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे, पत्ता सांगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याला आमच्या लेखाची गरज नाही. ज्यांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत, ज्यांना शासनदरबारी एकच नाव मिळाले आहे, 'अतिक्रमणधारक', त्यांच्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे. आणि एक साधा प्रश्न विचारायचा आहे. पवईत नेमके अतिक्रमण कोणी केले?

सुरुवात तलावापासूनच करू. पवईचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. १८८९ ते १८९१ च्या सुमारास इंग्रजांनी मुंबईच्या पाणीटंचाईवर उपाय म्हणून दोन टेकड्यांमधल्या खोऱ्यात बांध घातला आणि मिठी नदीला मिळणारा ओढा अडवला. तेव्हा विहार आणि तुळशी हे तलाव झाले होते, तानसाचे पाणी यायचे होते. बांध झाला, पाणी साठले, आणि मग लक्षात आले की हे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही. शहराने ते पिण्यासाठी सोडून दिले. पुढे ते बागा आणि कारखान्यांच्या वापरात आले. म्हणजे आज ज्या 'प्राचीन निसर्गरम्य' तलावाच्या नावाने झोपड्या हटवण्याची भाषा केली जाते, तो तलाव म्हणजे सरकारने बुडवलेली जमीन आहे. अतिक्रमण हा शब्द जर काटेकोर वापरायचा असेल, तर पवईतले पहिले मोठे अतिक्रमण पाण्याचे आहे, आणि ते सरकारी आहे.

आम्ही तलावाला दोष देत नाही. शहराला पाणी लागते. आमचा मुद्दा वेगळा आहे. बांधाची उंची नोंदली जाते, खर्च नोंदला जातो, पाण्याचे माप नोंदले जाते. डोक्यावर मातीची पाटी वाहून तो बांध घालणाऱ्याचे नाव नोंदायची पद्धतच नव्हती. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. त्याच सुमारास मुंबईच्या वेशीवर हा तलाव भरत होता, आणि त्याच काळात या देशातल्या असंख्य तळ्यांवर आपल्या माणसांना ओंजळभर पाणी घ्यायची बंदी होती. तळे खोदायला, बांधायला, गाळ काढायला आपले हात चालत होते. पाणी प्यायला चालत नव्हते.

तलावाच्या आधीही इथे कागद आला होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८२९ साली पवईची जमीन मुंबईतले धनिक पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजी यांना भाडेपट्ट्याने दिली. त्यांनी इथे ऊस लावला, तुती लावली, नाना प्रयोग केले. माणूस कर्तबगार होता, मुंबईकरांच्या पाण्यासाठीही त्यांनी पैसा खर्च केला, धोबीतलावला त्यांच्या नावाची आठवण आहे. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हा व्यवहार नीट बघा. जमीन कोणाची होती? कसणाऱ्यांची. दिली कोणी? समुद्रापलीकडच्या एका व्यापारी कंपनीने. मिळाली कोणाला? ज्याची कंपनीत ऊठबस होती त्याला. गावात पिढ्यान्पिढ्या राहणारा माणूस एका सहीने दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा झाला. तो जागचा हलला नव्हता, कागद हलला होता.

पवईचा पुढचा सगळा इतिहास याच एका गोष्टीची पुनरावृत्ती आहे. इथे जमीन नांगराने, कुदळीने किंवा घामाने कोणाची झाली नाही. ती दर वेळी कागदाने झाली. आणि कागद कोणाच्या हातात असणार हे या देशात जातीने ठरवले आहे. ज्यांना हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्यांना आता विचारले जाते, तुमच्याकडे कागद आहे का?

इथे महाडची आठवण येणे अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या प्रत्येक सभेत सांगितले जाते. त्यानंतर काय झाले ते मात्र कमी सांगितले जाते. महाडचे सवर्ण कोर्टात गेले, आणि त्यांनी दावा केला की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खाजगी मालकीचे आहे. म्हणजे धर्माचा आधार तोकडा पडू लागताच मालकीचा आधार पुढे आला. सोवळे गेले आणि सातबारा आला. बाबासाहेबांनी ती लढाई दहा वर्षे कोर्टात लढवली. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. तळ्याचा सत्याग्रह एका दिवसाचा होता, तळ्याच्या कागदाची लढाई दहा वर्षांची होती. आम्हाला वाटते, पवईच्या तलावाकाठी उभे राहून आपण महाडचा हा दुसरा भाग शिकला पाहिजे.

आता स्वातंत्र्यानंतरच्या पवईकडे या. १० मार्च १९५९ ला पंडित नेहरूंनी इथे आयआयटीची पायाभरणी केली. सोव्हिएत रशियाची मदत युनेस्कोमार्फत आली, सरकारने शेकडो एकर जमीन दिली. देशाला अभियंते हवे होते, संस्था उभी राहिली, याचा आम्हालाही आनंद आहे. पण राष्ट्रउभारणीच्या या जमिनीवर जे आदिवासी पाडे आधीपासून होते त्यांचे काय झाले? आयआयटीच्या आवारातला पेरूबागचा पाडा आजही आहे, आणि तिथल्या माणसाला आपल्याच घराचा पुरावा द्यावा लागतो. संस्था आली तेव्हा तो तिथे होता. संस्थेला कागद मिळाला, त्याला संशय मिळाला.

आणि संस्थेच्या आत? अनुसूचित जाती-जमातींसाठी आयआयटीत राखीव जागा यायला १९७३ उजाडले. म्हणजे संस्था सुरू झाल्यावर पंधरा वर्षे हा दरवाजा आपल्यासाठी जवळपास बंदच होता. तो उघडला, तरी आतली हवा बदलली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अहमदाबादहून आलेल्या, पहिल्या वर्षाला असलेल्या एका दलित मुलाचा या कॅम्पसमध्ये मृत्यू झाला. त्याचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. घरचे लोक जातिभेदाबद्दल बोलत होते, संस्थेच्या समितीला तसा थेट पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखली गेली, आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. तिथल्या आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलच्या मुलांनी हे प्रश्न जाहीरपणे मांडले म्हणून ते बाहेर आले. ज्या तलावात मासे आहेत, ज्याच्या काठी पाड्यांवरचे लोक मासे धरून पोट भरत आले, त्याच तलावाच्या काठी मासे खाणाऱ्याने कुठल्या टेबलावर बसायचे यावर नियम होतो! पाण्याची शिवाशिव संपली म्हणणाऱ्यांनी एकदा या टेबलावर बसून पाहावे.

आता तिसरा कागद, आणि सगळ्यात मोठा. १९८६ साली पवईच्या जमिनीबाबत राज्य सरकार, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. तो काळ शहरी जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा लागू असतानाचा होता. सुमारे २३० एकर जमीन विकासकाला भाडेपट्ट्याने मिळाली. भाडे किती? हेक्टरी एक रुपया. एकरी हिशोब केला तर चाळीस पैसे. आम्ही छापताना चूक केलेली नाही, चाळीस पैसेच. एका कटिंग चहाच्या पैशात दोन डझन एकर जमीन!

ही खैरात फुकट नव्हती, अट होती. या जमिनीवर सामान्य माणसाला परवडतील अशी घरे बांधायची, निम्मी ४० चौरस मीटरची, निम्मी ८० चौरस मीटरची, आणि त्यातली १५ टक्के सरकारला ठरलेल्या स्वस्त दराने द्यायची. म्हणजे कागदावर पवई गिरणी कामगाराची, शिक्षकाची, कारकुनाची, सफाई कामगाराची होणार होती. प्रत्यक्षात काय उभे राहिले ते तलावाच्या बांधावर उभे राहून कोणालाही दिसते. छोटी घरे नकाशात राहिली, भिंती पाडून एकाला एक जोडली गेली, आणि करोडोंचे फ्लॅट तयार झाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ साली न्यायालयाने आदेश दिला की आधी छोट्या आकाराची तीन हजारांहून अधिक घरे बांधा, मगच दुसरे काही बांधा. देशातल्या एका मोठ्या न्यायालयाने सांगितले की करारातला हेतू पाळला गेलेला नाही.

आता आम्हाला सांगा, गरिबांच्या घरांसाठी चाळीस पैशांनी मिळालेल्या जमिनीवर श्रीमंतांचे टॉवर उभे राहतात, त्याला मराठीत काय म्हणतात? आमच्या शब्दकोशात त्याला अतिक्रमण म्हणतात. पण त्या टॉवरवर कधी बुलडोझर गेला नाही. तिथे कोणी ध्वनिक्षेपकावरून 'दहा मिनिटांत सामान बाहेर काढा' असे ओरडले नाही. तिथे याचिका झाल्या, तारखा झाल्या, वकिलांचे युक्तिवाद झाले. असेच व्हायला हवे, कायद्याचे राज्य असेच असते. आमचा प्रश्न इतकाच आहे की हे कायद्याचे राज्य रस्ता ओलांडून जय भीम नगरमध्ये का येत नाही?

जय भीम नगर. हे नाव सावकाश वाचा. टॉवर बांधायला जे मजूर आणले गेले, मराठवाड्यातून, विदर्भातून, दुष्काळाने आणि जातीने हाकललेले, त्यांतले कित्येक जण काम संपल्यावर तिथेच राहिले. जाणार कुठे? गावात जमीन असती तर आले असते का? त्यांनी इमारतींना मजले दिले, त्यांच्या बायका त्याच इमारतींत धुणीभांडी करू लागल्या, मुले गाड्या पुसू लागली, वॉचमन झाली. वस्तीला त्यांनी आपल्या बापाचे नाव दिले. ६ जून २०२४ ला महापालिकेने, पोलीस बंदोबस्तात, ही वस्ती पाडली. सुमारे साडेसहाशे घरे.

तारीख पुन्हा बघा. ६ जून. महाराष्ट्रभर शिवराज्याभिषेक दिन साजरा होत होता, रयतेच्या राजाचा जयजयकार चालू होता. लोकसभेचा निकाल लागून फक्त दोन दिवस झाले होते, आणि ती सगळी निवडणूक संविधान वाचवण्याच्या मुद्द्यावर लढली गेली होती. आणि पावसाळा सुरू झाला होता. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती घरे पाडू नयेत असा खुद्द राज्य सरकारचा २०२१ चा शासन निर्णय आहे. तरीही पाडली. आधार काय सांगितला? राज्य मानवी हक्क आयोगाच्या आदेशाचा! मानवी हक्कांच्या नावाने माणसांना पावसात काढण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याला मनूनेही गुरू मानले असते. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला लावले, गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिले. तोवर लेकरे, म्हातारी माणसे, गरोदर बाया महिनोन्महिने समोरच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली होत्या. आपणच बांधलेल्या इमारतींच्या सावलीत.

चौथा कागद इथे हवा होता. मजूर आणताना त्यांच्या निवाऱ्याचा कागद करायला हवा होता. तो कोणी केला नाही, कारण त्यांच्या घामाची गरज होती, त्यांच्या वास्तव्याची नव्हती. गावकुसाबाहेर महारवाडा का होता? गावाला त्याचे काम हवे होते आणि त्याची सावली नको होती. पवईच्या टॉवरांनी तोच महारवाडा नव्याने वसवला आणि नकोसा झाला तेव्हा पाडला. गावातल्या महारवाड्याला निदान कोणी अतिक्रमण म्हटले नव्हते.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतील. ते आपल्यातलेही काही शिकलेले लोक घेतात, म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा की बेकायदा ते बेकायदा, भावनेला जागा नाही. ठीक आहे, कायद्यानेच बोलू. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना असेच हाकलले होते. ते प्रकरण ओल्गा टेलिस खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्या लोकांना पावसाळा संपल्यावर महिनाभर, ३१ ऑक्टोबरपर्यंत हलवू नये असा आदेश दिला. राज्यात १९७१ पासून झोपडपट्टी कायदा आहे, त्यात संरक्षित रहिवासी ही संकल्पना आहे, १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत आणि १ जानेवारी २०११ पूर्वीच्या झोपडीला सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. तेव्हा कायद्याची भाषा आम्हाला शिकवू नका. या देशाचा कायदा लिहिणारा आमचाच बाप होता. कायदा पाळला असता तर जय भीम नगरच्या प्रत्येक घराची पात्रता तपासली गेली असती. न तपासता पाडणे हेच बेकायदा आहे.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. झोपड्यांमुळे तलाव घाण होतो म्हणे. तलाव घाण आहे, यात वाद नाही. जलपर्णीने तो हिरवा कुरणासारखा दिसतो, त्यात रोज प्रक्रिया न केलेले मैलापाणी शिरते. पण हे मैलापाणी फक्त झोपड्यांचे आहे काय? ज्या घरात नळाला दिवसाला चार-पाच हंडे पाणी येते ते घर किती सांडपाणी सोडणार, आणि ज्या फ्लॅटमध्ये तीन संडास, एक बाथटब आणि खाली जलतरण तलाव आहे तो किती सोडणार? मलनिःसारणाच्या वाहिन्या टाकणे हे महापालिकेचे काम, ते झाले नाही याची शिक्षा झोपडीला! मिठी नदीचेही तसेच. या तलावाचे ओसंडलेले पाणी मिठीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीने शहर बुडवले. नदीचा प्रवाह विमानतळाच्या धावपट्टीने वाकवला होता, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने आवळला होता. हटवल्या कोणाच्या झोपड्या? काठावरच्या गरिबांच्या. धावपट्टी जागेवर आहे.

याच तलावात महापालिका सायकल ट्रॅक बांधायला निघाली होती. जागरूक विद्यार्थी आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो ट्रॅक बेकायदा ठरवून काढायला लावला. चांगले झाले. आम्ही त्या लढ्याच्या बाजूचे आहोत. पण मगरीच्या घरासाठी जितकी सह्यांची मोहीम होते तितकी माणसाच्या घरासाठी झाली असती तर आम्हाला अधिक बरे वाटले असते. पर्यावरणवाद्यांना आमचे सांगणे आहे: पाण्याची बाजू घेताना पाण्याकाठच्या माणसाची बाजू सोडू नका, नाहीतर तुमचा निसर्ग हा फक्त फ्लॅटच्या खिडकीतून दिसणारा देखावा उरेल.

आता आपल्याबद्दलही थोडे खरे बोलू. सगळा दोष प्रस्थापितांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पवईच्या पट्ट्यात आपल्या किती वस्त्या आहेत! मिलिंद नगर, फुले नगर, रमाबाई नगर. नुसती नावे वाचली तरी चळवळीचा इतिहास उभा राहतो. प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे, पंचशील ध्वज आहे, १४ एप्रिलला वर्गणी निघते, डीजे लागतो, लाखांचा चुराडा होतो. पण वस्ती कधी वसली, पहिले घर कोणाचे, पहिला नळ कधी आला, पहिले वीज मीटर कोणाच्या नावे, १९७६ च्या झोपडपट्टी गणनेतला फोटोपास कोणाकडे आहे, याची एक वही तरी आपल्या विहारात आहे का? म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत आणि त्यांच्यासोबत वस्तीचा पुरावा जात आहे. बाबासाहेबांनी चवदार तळ्याची केस दहा वर्षे सांभाळली, आपल्याला जुने लाइट बिल दहा वर्षे सांभाळता येत नाही.

आणखी एक. पेरूबागचा आदिवासी, तिरंदाजचा जुना गावकरी, जय भीम नगरचा बौद्ध, उत्तर भारतातून आलेला मुस्लिम सुतार, हे सगळे एकाच कागदाचे मारलेले आहेत. पण परिशिष्ट दोनची यादी लागली की 'आपला पात्र, त्याचा अपात्र' असे राजकारण सुरू होते, आणि बिल्डरचा माणूस आपल्याच वस्तीतला चौघांचा गट फोडून नेतो. त्यात आपलेच निळे उपरणे घातलेले भाऊ असतात, हे लिहिताना लाज वाटते पण लिहितो. संस्थेच्या मेसमधल्या टेबलावर लढणारा आपला विद्यार्थी आणि गेटबाहेर फुटपाथवर बसलेली आपली मावशी यांच्यात एका भिंतीचे अंतर आहे. ती भिंत दोन्ही बाजूंनी ओलांडली पाहिजे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे घोषणेचे नाही, कामाचे आहे. आपापल्या वस्तीचा कागद तयार करा. घरोघरी जाऊन रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव, लाइट बिल, फोटोपास, मुलांच्या शाळेचे दाखले यांच्या प्रती काढा, फोटो काढून ठेवा, एक प्रत विहारात ठेवा. वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येक बाईची आणि माणसाची आठवण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा: कोणत्या गावाहून आलो, कोणत्या इमारतीवर काम केले, मुकादम कोण होता, रोज किती मिळत होता. २००५ चा माहिती अधिकार कायदा हातात आहे. वस्ती कोणत्या सर्व्हे नंबरवर आहे, जमीन कोणाच्या नावे आहे, १९८६ च्या करारातली घरे किती बांधली आणि कोणाला दिली, हे विचारा. उत्तर आले नाही तर अपील करा. कंटाळवाणे काम आहे, त्यात हार नाही, भाषण नाही, फेसबुक लाइव्ह नाही. पण चळवळीचे आयुष्य अशाच कामाने वाढते.

वेळ थोडा आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून मेट्रो सहाचे खांब तलावाजवळून उभे राहिले आहेत. मेट्रो आली की जमिनीचा भाव वाढतो, आणि जमिनीचा भाव वाढला की सरकारला अचानक झोपड्या दिसू लागतात. उद्या कुठल्या वस्तीचा नंबर लागेल ते सांगायला ज्योतिषी नको.

पवईत अतिक्रमण कोणी केले, या प्रश्नाचे आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याने बांध घातला, खाण फोडली, मजले चढवले, भांडी घासली त्याने अतिक्रमण केले नाही. ज्याने दिलेल्या शब्दावर, केलेल्या करारावर, दुसऱ्याच्या वाट्याच्या घरावर पाय ठेवला, त्याने अतिक्रमण केले. यापुढे कोणी आपल्या वस्तीला हा शब्द लावला तर खाली मान घालू नका. त्याला तलावाच्या बांधावर घेऊन जा आणि विचारा, चाळीस पैशांची पावती दाखव.

जय भीम!